मडक्यावरचं घुबड आणि जटपुरा गेटवरचा सिंह

सुरुवातीलाच एक गोष्ट कबूल करते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण तो पास होण्यापुरताच. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. मॅगझिनच्या इंग्रजी विभागाला मी हा लेख दिला नाही, कारण ज्यांनी मला यातलं निम्मं सांगितलं ते लोक मराठी विभागच वाचतात.

झालं असं की मटेरियल सायन्सच्या लेक्चरला सरांनी एका ग्रीक भांड्याचं चित्र पडद्यावर दाखवलं. विषय होता सिरॅमिक्स. भांडं लालसर, त्यावर चमकदार काळा रंग आणि मधोमध एक घुबड, सरळ आपल्याकडे डोळे वटारून बघणारं. मागच्या बाकांवरून नेहमीप्रमाणे कुणाचं तरी नाव घेऊन हशा झाला. सर म्हणाले, "हसू नका. हे घुबड अथेन्सच्या लोकांचं मानचिन्ह होतं."

संध्याकाळी रूमवर मी हे सगळं मोठ्या उत्साहात माझ्या पार्टनरला सांगितलं. ती आरमोरी तालुक्यातली, गोंड समाजाची. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू दर रविवारी जटपुरा गेटातून जातेस ना वं? मंग त्याच्यावर कोणते प्राणी कोरले आहेत सांग बरं."

मला सांगता आलं नाही. अडीच वर्षांत मी त्या गेटखालून शेकडो वेळा गेले असेन, पण मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं. हा लेख त्या प्रश्नातून निघाला.

आधी आपल्या भाषेत : चिन्ह म्हणजे काय?

आपण सर्किट डायग्राम काढतो तेव्हा रेझिस्टरसाठी नागमोडी रेघ काढतो. खऱ्या रेझिस्टरमध्ये तशी नागमोडी काहीच नसते. पण काढणारा आणि वाचणारा यांच्यात ठरलेलं असतं की ही रेघ म्हणजे रेझिस्टर. हा करार आहे तोपर्यंत ती रेघ चिन्ह आहे. समजा उद्या सगळी पुस्तकं, सगळे कोड आणि सगळे इंजिनिअर नाहीसे झाले आणि फक्त एक ड्रॉइंग शिट उरली, तर तीच रेघ नुसती नक्षी होईल. शोधणारा म्हणेल, "बहुतेक हा साप असावा. हे लोक नागपूजक होते."

जुन्या भांड्यांवरच्या प्राण्यांचं नेमकं हेच होतं. प्राणी दिसतो, पण करार दिसत नाही. तो दुसरीकडून शोधावा लागतो.

काळा रंग येतो कुठून?

आपण इंजिनिअर, त्यामुळे आधी प्रोसेस. ग्रीक भांड्यांवरचा तो काळा रंग म्हणजे बाहेरून आणलेला रंग नव्हेच. भांडं ज्या मातीचं, त्याच जातीची माती पाण्यात कालवून, निवळून तिचा अगदी बारीक कणांचा भाग घ्यायचा आणि त्याने चित्र काढायचं. मग भट्टी एकदाच लावायची, पण तीन टप्प्यांत.

पहिल्या टप्प्यात हवा मोकळी ठेवायची. मातीतल्या लोखंडाचं लाल ऑक्साइड होतं आणि सगळं भांडं लाल दिसतं. दुसऱ्या टप्प्यात झरोके बंद करून ओली लाकडं टाकायची. ऑक्सिजन कमी पडतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि लाल ऑक्साइडचं काळं ऑक्साइड होतं. आता सगळं भांडं काळं. याच वेळी, सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास, चित्राचा बारीक मातीचा थर काचेसारखा घट्ट होतो. तिसऱ्या टप्प्यात पुन्हा हवा सोडायची. बाकीचं भांडं सच्छिद्र असल्यामुळे ऑक्सिजन आत शिरतो आणि ते परत लाल होतं. चित्राच्या थरात मात्र तो शिरू शकत नाही, म्हणून चित्र काळंच राहतं.

थर्मामीटर नाही, गॅस ॲनालायझर नाही. सगळं धुराच्या रंगावर आणि अनुभवावर. झरोका थोडा उशिरा बंद झाला की अख्खी भट्टी वाया. आपण लॅबमध्ये मफल फर्नेसचं बटण दाबून निघून जातो, तेव्हा हे आठवावं.

घुबड, कोंबडा, ससा

आता चित्रांकडे येऊ. इ.स.पू. आठव्या शतकातल्या अथेन्समध्ये मोठी भांडी थडग्यांवर खूण म्हणून उभी करत. त्यातल्या एका प्रसिद्ध भांड्याची उंची दीड मीटरहून जास्त आहे. त्याच्या मानेभोवती चरणाऱ्या हरणांची एक रांग आहे आणि बसलेल्या बकऱ्यांची दुसरी. सगळी हरणं हुबेहूब एकसारखी, जणू कॉपी-पेस्ट केलेली. त्याच काळात भांड्यांवर घोडेही पुष्कळ दिसतात, कारण घोडा पाळणं फक्त श्रीमंतांना परवडायचं. थडग्यावर घोडा म्हणजे मेलेला माणूस मोठ्या घरचा.

पुढे चित्रांत कथा आल्या. अथेना ही अथेन्सची देवी, घुबड तिचा पक्षी. म्हणून घुबड म्हणजे आपलं शहर. तेच पुढे त्यांच्या चांदीच्या नाण्यावर आलं. आपल्याकडे घुबड म्हटलं की अपशकून किंवा मागच्या बाकावरचा मुलगा. प्राणी तोच, करार वेगळा.

दर चार वर्षांनी अथेन्समध्ये देवीचा मोठा उत्सव व्हायचा. त्यातल्या खेळांत जिंकणाऱ्याला ऑलिव्ह तेलाने भरलेली मोठी भांडी बक्षीस मिळायची. एका भांड्यात जवळजवळ ४० लिटर तेल मावायचं. त्यावर एका बाजूला देवी आणि तिच्या दोन्ही अंगांना खांबांवर एकेक कोंबडा. कोंबडा म्हणजे झुंज, माघार न घेणं. पाठीमागच्या बाजूला ज्या खेळाचं बक्षीस त्याचं चित्र. आपल्या गॅदरिंगच्या ट्रॉफीवर प्लास्टिकचा सोनेरी माणूस असतो. त्यापेक्षा तेल बरं, असं मेसचं जेवण जेवणाऱ्या कुणालाही पटेल.

काही भांड्यांवर लोक एकमेकांना जिवंत ससा भेट देताना दिसतात. ती प्रेमाची भेट. योद्ध्यांच्या ढालींवर सिंह, साप, रानडुक्कर, पक्षी असे प्राणी रंगवलेले असतात. चेहरा शिरस्त्राणात झाकलेला, मग समोरच्याला दिसतो तो ढालीवरचा प्राणीच.

हे अर्थ आपल्याला इतक्या खात्रीने का सांगता येतात? कारण ग्रीक लोकांनी भरपूर लिहून ठेवलं. कित्येक भांड्यांवर तर पात्रांची नावंच लिहिलेली आहेत. म्हणजे ड्रॉइंग शिटही सापडली आणि कोडबुकही सापडलं.

आपली मडकी

ग्रीकांचं कौतुक ऐकून वाटतं, आपल्याकडे काही नव्हतंच की काय? होतं, आणि त्या थडग्यावरच्या हरणांपेक्षा कितीतरी आधी होतं.

संगमनेर तालुक्यात प्रवरा नदीकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन झालं आणि त्या गावावरून महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या संस्कृतीला जोर्वे संस्कृती हे नाव मिळालं. तिचा मुख्य काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००. चाकावर घडवलेली, लाल रंगाची, पातळ आणि इतकी छान भाजलेली भांडी की टिचकी मारली तर धातूसारखा आवाज येतो. त्यांवर काळ्या रंगाची नक्षी, बहुतेक रेघा, चौकटी, त्रिकोण. प्राणी कमी. पण जिथे आहेत तिथे नजर खिळते.

त्याच प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. (दोन्ही तालुके आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले.) तिथे एका रांजणावर जंगलाचं दृश्य रंगवलेलं सापडलं. त्यात मोर आहेत आणि वाघही आहे. याच गावात १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना तांब्या-काशाच्या चार जड मूर्ती मिळाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. रथाच्या दांडीवर चक्क एक कुत्रा उभा आहे. चारही मिळून वजन ६० किलोच्या वर. आजच्या महाराष्ट्रात रानात गेंडा नाही, पण ज्याने ती मूर्ती घडवली त्याला तो नीट माहीत होता. या मूर्ती नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर तज्ज्ञांचे मतभेद आहेत.

मग रांजणावरच्या वाघाचा अर्थ काय? देव? भीती? शिकारीची आठवण? की कुंभाराने सहज काढला? या लोकांची वाचता येईल अशी लिपी नाही. शिट आहे, कोडबुक नाही.

अशा वेळी वस्तू कुठे आणि कशाबरोबर सापडली हाच पुरावा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी तिथे १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तिथे एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी पुरलेली सापडली. आत डोकं नसलेली स्त्रीची मूर्ती, वर आणखी एक स्त्रीमूर्ती आणि सोबत एक बैल. बैलाच्या पाठीवर भोक, मूर्तीच्या पोटाशीही भोक. काडी घातली की ती बाई बैलावर बसते. आता हे खेळणं नव्हे हे उघड आहे. खेळणं कुणी पेटीत घालून घराखाली पुरत नाही. म्हणजे देवी आणि तिचं वाहन, असा अर्थ बराच पटतो. तो बैल एकटा उकिरड्यावर सापडला असता तर नुसता बैल राहिला असता.

उलट उदाहरण गुजरातमधल्या लोथलचं. तिथल्या एका भांड्यावर झाडावर चोचीत मासा धरलेले पक्षी आणि खाली कोल्ह्यासारखा प्राणी आहे. उत्खनन करणाऱ्या एस. आर. राव यांना त्यात धूर्त कोल्ह्याची गोष्ट दिसली. दुसऱ्या एका चित्रात तहानलेला कावळा. असेलही. पण आपण लहानपणी ती गोष्ट ऐकलेली असते म्हणून आपल्याला ती लगेच दिसते, हेही तितकंच खरं.

आता जटपुरा गेट

चंद्रपूरचा किल्ला म्हणजे अख्ख्या जुन्या गावाभोवतीचा परकोट. चार दरवाजे : जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. शिवाय पाच खिडक्या. पार्टनरने टोकल्यावर पुढच्या रविवारी आम्ही दोघी मुद्दाम गेलो. ऑटोवाल्यांचे हॉर्न ऐकत, गेटसमोर मान वर करून उभ्या राहिलो. एक दुकानदार काका विचारायला लागले, "काय पडलं काय वरून?"

वर दगडात सिंहासारखा एक दणकट प्राणी कोरला आहे आणि त्याच्या तावडीत हत्ती. हत्ती त्याच्यापुढे अगदी लहान. ही चांद्याच्या गोंड राजांची राजमुद्रा. ग्रीक योद्ध्याची ढाल आठवा. परगावचा माणूस वेशीवर आला की राजा दिसायच्या आधी त्याला हा प्राणी दिसायचा.

अर्थ काय? सरळ अर्थ सगळ्यांना कळतो : हत्तीएवढी ताकद असली तरी आम्ही भारी आहोत. काही जण म्हणतात, हत्ती म्हणजे शेजारची बलाढ्य राज्यं. असे सिंह-हत्ती महाराष्ट्रात इतर किल्ल्यांवरही आहेत. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर तर एकाच जनावराने कितीतरी हत्ती पकडले आहेत. म्हणजे हा त्या काळातला सगळ्यांना समजणारा करार होता. १७५१ मध्ये नागपूरच्या भोसल्यांनी हे राज्य घेतलं आणि १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला. मुद्रेचे मालक गेले. दगड राहिला.

पण गाव वसलं कसं याची गोष्ट मला पुस्तकात नव्हे, आमच्या मेसच्या मावशींकडून मिळाली. खांडक्या बल्लाळशहा नावाचा राजा होता. त्याच्या अंगावर गाठी होत्या. झरपट नदीच्या कुंडातल्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या, तिथेच अंचलेश्वराचं देऊळ झालं. नंतर एकदा राजा शिकारीला गेला तर उलटंच झालं. एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला! गोल गोल फिरत पळापळ झाली आणि शेवटी कुत्र्याने सशाला मारलं. पाहतात तो सशाच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. राणी म्हणाली, ज्या जमिनीवर ससा कुत्र्याला पळवतो तिथे शहर वसवा, आणि ससा जिथून धावला तिथून भिंत बांधा. मावशींनी पोळी लाटता लाटता हे सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "म्हणून आपला परकोट वाकडातिकडा हाय. ससा का सरळ पळते का?"

सर्व्हेइंग शिकलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं अलाइनमेंट रिपोर्ट मिळणार नाही.

गंमत म्हणजे सशाने कुत्र्याला पळवल्याची हीच गोष्ट हंपीबद्दल सांगतात आणि अहमदाबादबद्दलही. त्यामुळे हा इतिहास नसून चिन्ह आहे हे उघड आहे. ग्रीकांचा ससा प्रेमाची भेट होता. आपला ससा म्हणजे दुबळ्यालाही बळ देणारी जमीन. गेटवर बलवान सिंह आणि गोष्टीत शूर ससा, एकाच गावाची ही दोन चिन्हं. मला स्वतःला ससा जास्त आवडला.

ज्यांना विचारता येतं

१९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोंडांमध्ये सात देव, सहा देव, पाच देव आणि चार देव मानणारे गट आहेत आणि त्यांचे मानाचे प्राणी अनुक्रमे साळिंदर, वाघ, सारस आणि कासव आहेत, अशी नोंद त्यात आहे. आडनावांतही अशा खुणा आहेत. गोंडीत मरका म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. टेका म्हणजे साग, त्यावरून टेकाम. आपल्या हजेरीपटावर ही नावं आहेत. आपण रोज ती ऐकतो आणि "प्रेझेंट सर" म्हणून विसरतो.

पार्टनरला विचारलं, तुमच्या घरी काय पाळतात? तिने थोडं सांगितलं, मग थांबली. म्हणाली, "आजोबाले सगळं माहीत होतं. कोणत्या कुळाचा कोणता जीव, कोणाच्या घरी काय खाता येत नाही, सगळं. मी दहावीत होती तवा सांगत बसायचे. मी म्हणायची, उद्या सांगा, आता अभ्यास आहे." आजोबा मागच्या पावसाळ्यात गेले.

त्या दिवशी मला माझ्या ड्रॉइंग शिटच्या उदाहरणाचा अर्थ कळला. कोडबुक हरवायला तीन हजार वर्षं लागतातच असं नाही. एक दहावीचं वर्ष पुरतं.

आणखी एक. मागच्या वर्षी फेस्टच्या टी-शर्टवर आपण डरकाळी फोडणारा वाघ छापला होता. सगळ्यांनी हौसेने घातला. चंद्रपूर म्हणजे ताडोबा, ताडोबा म्हणजे वाघ, हे समीकरणच आहे. पार्टनरने तो टी-शर्ट कपाटात ठेवून दिला. मला वाटलं, रंग आवडला नसेल. आत्ता हा लेख लिहिताना तिने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये, पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या मोठ्या आईला वाघाने नेलं. तिच्या घरी अंधार पडल्यावर त्या जनावराचं नाव घेत नाहीत. "राग नाही वं त्याच्यावर," ती म्हणाली. "त्याचं जंगल आहे. पण छातीवर घेऊन नाचता नाही येत."

मग मला ताडोबाचीच गोष्ट आठवली. ताडोबा हे नाव तारू या देवावरून आलं असं सांगतात. तारू हा गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव केलं. तलावाच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. म्हणजे ज्या नावाची तिकिटं आपण वाघ बघायला काढतो, ते नाव वाघाचं नाहीच. ते वाघाने मारलेल्या माणसाचं आहे. ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना वाघ आणि माणूस दोघंही एकाच गोष्टीत हवे होते. आपण टी-शर्ट छापताना त्यातला एक गाळला.

दायमाबादच्या कुंभाराने रांजणावर वाघ काढला तेव्हा त्याच्या मनात काय होतं ते आता कुणालाच विचारता येणार नाही. पण तोही जंगलाच्या कडेला राहणारा माणूस होता. त्याचाही कुणी पहाटे रानात जात असेल. एवढं समजायला मला पुस्तकापेक्षा माझ्या पार्टनरची जास्त मदत झाली.

शेवटी

२०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी या किल्ल्याची झाडंझुडपं तोडून साफसफाई सुरू केली. दगड असा साफ करता येतो. अर्थ साफ ठेवायचा तर विचारावं लागतं.

आपल्या हॉस्टेलमध्ये त्याची सोय फुकट आहे. मेसमध्ये मावशी आहेत, गेटवर वॉचमन काका आहेत, प्रत्येक मजल्यावर गडचिरोली, मूल, सिंदेवाही, राजुऱ्याकडची मुलंमुली आहेत. सबमिशन झाल्यावर एकदा त्यांच्याजवळ बसा. आणि सुट्टीत घरी गेलात तर आजी-आजोबांना "उद्या सांगा" म्हणू नका.

यंदाच्या फेस्टच्या टी-शर्टचं डिझाइन अजून ठरलेलं नाही. मी समितीकडे एक चित्र देऊन आले आहे : पुढे धावणारा कुत्रा आणि त्याच्या मागे लागलेला ससा, कपाळावर चंद्र. समितीतला मुलगा म्हणाला, "ससा? लोक हसतील."

हसू देत. घुबडालाही हसले होतेच.